दादाच्या कार्डाला बसणारा बोर्ड

आप्पा, तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपण एका घरात राहत होतो, आणि लग्न होऊन मी सातपूरला आले तेव्हाही मखमलाबाद काही लांब नव्हतं. सांगायचं असलं की मी यायचे, आणि बहुतेक वेळा न सांगताच चहा पिऊन परत जायचे. परवा मळ्यातली आपली पुढची खोली पाडली. तिथे आता प्लॉट पडलेत. आई माझ्याकडेच असते, तिला मी नेलं नाही. जेसीबीवाल्याने भिंतीला नुसता हात लावल्यासारखं केलं आणि भिंत बसली. खोलीच्या जागी ऊन पडलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण नाही आलं. रिक्षात बसल्यावर मात्र वाटलं, की त्या खोलीत त्या उन्हाळ्यात आपण दोघांनी जे केलं ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. ज्याला सांगितल्यावर कळेल असं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे तुम्ही.

दादा कॉम्प्युटर जमवत होता. तुम्हाला त्यातलं एवढंच माहीत होतं, की पोरगा कॉलेज सुटलं की सायबर कॅफेत बसतो आणि तिथे चार पोरं पडद्यावर एकमेकांवर बंदुका झाडतात. मला जास्त माहीत होतं, कारण तो मला सांगायचा. संध्याकाळी आपण सगळे झेंडू निवडायला बसायचो तेव्हा तो माझ्या शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहायचा. दुकानातला तयार कॉम्प्युटर गेमच्या कामाचा नसतो, म्हणायचा, एकेक भाग आपण निवडून घ्यायचा. सुट्टीत कुरिअरची पाकिटं वाटून त्याने आधी रिकामं कॅबिनेट आणलं. एका बाजूने आरपार दिसणारं, आत निळे दिवे. मग मित्रासोबत मुंबईला जाऊन ग्राफिक्स कार्ड आणलं. ज्या बोर्डावर ते लावायचं तो बोर्डच अजून नव्हता. आई म्हणाली, ‘‘घोड्याचा पत्ता नाही आणि खोगीर आणून ठेवलं.’’ दादा हसला. कार्ड चांगलं असलं की बाकीचं त्याच्याप्रमाणे ठरवता येतं, असं त्याचं म्हणणं. मला समजावून सांगायला त्याने तुमचे पाइप घेतले होते. ‘‘अडीच इंची पाइपाला दोन इंची कपलिंग बसेल का? नाही ना? तसंच हे. कार्डाला बसणारा बोर्ड पाहिजे, बोर्डाला बसणारा प्रोसेसर पाहिजे, रॅमची खाचसुद्धा जिथल्या तिथे पाहिजे. एक चुकलं की सगळं भंगार.’’ मी झेंडूचे देठ मोडत ऐकायचे. मला गेमचं काही पडलं नव्हतं. तो मला मोठ्या माणसासारखं सांगतोय, याचंच बरं वाटायचं.

ते कार्ड तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तो दिवस मला आठवतो. तुम्ही दारात चपला काढताय, टोपीवर फुलांचा पिवळा भुगा आहे. दादा खाटेवर बसून कार्ड दोन बोटांत धरून उजेडात बघतोय. ‘‘हे काय हाय?’’ ‘‘ग्राफिक्स कार्ड.’’ ‘‘त्यानं काय व्हतं?’’ ‘‘गेम चांगले दिसतात, आप्पा.’’ तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, ‘‘वीस वर्साचा घोडा झाला. खेळायचं वय हाय का हे?’’ आणि आत निघून गेलात. दादाने कार्ड त्याच्या चंदेरी पिशवीत सरकवलं, पिशवी खोक्यात ठेवली, आणि खोकं उशाला. त्यानंतर तुमच्यासमोर त्याने ते कधी काढलं नाही.

पुढच्याच नवरात्रात तो गेला. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरची पेटी लोखंडी होती, आणि तिला झिणझिण्या येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पेटीची अर्थिंगची तार केव्हाच तुटून लोंबत होती. वायरमन येऊन सांगून गेला होता, की नवा खड्डा घ्या, नवी तार टाका, हे असं ठेवू नका. तुम्ही म्हणालात, ‘‘दसरा व्हऊ दे. फुलं तोडायला मानसं मिळंनात, खड्डे कोन खांदीन?’’ यात तुमचं काय चुकलं, हे मी बऱ्याच वर्षांनी स्वतःला विचारून पाहिलं. अख्ख्या वर्षाचा पैसा त्या आठ-दहा दिवसांत व्हायचा. शिवारात कोणाच्याच पेटीला धड अर्थिंग नव्हती. सगळे चपला घालून, लाकडाच्या फळीवर उभं राहून बटण दाबायचे आणि सगळे जिवंत होते.

त्या दिवशी तुम्ही फुलं घेऊन गोदाकाठी, गंगेवर बाजाराला गेला होतात. पहाटे लाइट आली, तसा दादा मोटर चालू करायला गेला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मोटरचा आवाज येईना, म्हणून आईने मला बघायला पाठवलं. तो पेटीजवळ कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. फळी बाजूला सरकलेली आणि एक पाय अनवाणी. मी त्याला हात लावला नाही. हात लावू नये हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी बांधावरून ओरडत पळत सुटले. शेजारच्या काकांनी येऊन बांबूने फ्यूज पाडले आणि मग त्याला उचललं. तुम्हाला बाजारात निरोप गेला, तेव्हा तुमचा अर्धा माल विकायचा राहिला होता, असं मागून कोणीतरी सांगितलं.

त्या दसऱ्याला आपला झेंडू भावकीतल्या लोकांनी तोडला. तोडावाच लागतो, फूल कोणासाठी थांबत नाही. आपण सुतकात घरात बसलो होतो आणि समोरून आपलीच फुलं क्रेट भरभरून जात होती. मामाने परस्पर माणूस बोलावून नवी पेटी बसवली, अर्थिंग करून घेतली. तुम्ही त्या कोपऱ्याला फिरकला नाहीत. मोटर चालू करायचं काम गड्याकडे गेलं. आईने कॅबिनेट आणि कार्डाचं खोकं गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. ती तुम्हाला काहीच म्हणाली नाही. एका शब्दाने नाही. तुम्हाला ताट वाढायची, तुमची धोतरं धुवायची, आणि तुमच्याकडे बघायची नाही. मी फार्मसीच्या डिप्लोमाला जात होते, घरी आले की तुम्हा दोघांमध्ये कोणीतरी बोलावं म्हणून मीच बोलत सुटायचे. कॉलेजचं, बसचं, काहीही. कोणी ऐकत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस आई किराणा आणायला गेलेली असताना तुम्ही शिडी लावलीत आणि गोधडी खाली उतरवलीत. कार्ड बाहेर काढून दादा धरायचा तसंच धरलंत, पण तुमच्या बोटांना ते बसत नव्हतं. ‘‘याला अजून काय काय लागतं?’’ तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, पडदा. तुम्ही मान हलवत होतात. ‘‘तुला निवडता येईन?’’ मी म्हटलं, ‘‘येईल.’’ का, कशासाठी, असं मी विचारलं नाही. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात, तेवढंच पुरे होतं.

दर शनिवारी बाजार आटोपला की तुम्ही मला कॉलेजच्या फाटकावरून घ्यायचात. गाडीच्या मागच्या कॅरियरला रिकामे क्रेट बांधलेले, तुमच्या सदऱ्याला शेवंतीचा वास, आणि मधे माझ्या मांडीवर कार्डाचं खोकं. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका मोठ्या काचेच्या दुकानात आपण आधी गेलो. तिथल्या माणसाने कार्ड उलटसुलट केलं आणि म्हणाला, ‘‘काका, हे विसरा. आता स्लॉटच बदलला. नवीन बोर्डावर याला जागाच नाही.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘मागच्याच वर्सी घेतलंय, चांगलं हाय.’’ ‘‘चांगलं असेल हो, पण कंपन्यांनी बंद केलं. मला द्या, मी एक्स्चेंजमध्ये नवीन देतो.’’ तुम्ही पुढे होऊन त्याच्या हातातून कार्ड काढून घेतलंत. हिसकावलं नाहीत, पण त्याने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून हिसकावल्यासारखंच झालं असावं.

नंतर रसवंतीच्या बाकावर बसून मी तुम्हाला समजावत होते. घुंगरांच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं. दादाचं कार्ड वापरायचं तर जुन्या खाचेचा बोर्ड शोधायला हवा. बोर्ड जुना घेतला की प्रोसेसरही जुनाच, कारण नव्या प्रोसेसरची बैठक वेगळी, खाली टाचण्याच नाहीत. आणि मग रॅमही जुन्याच जातीची, नवीची खाच जुळत नाही. ‘‘म्हंजे,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘सगळं मागच्या वर्साचं पाहिजे.’’ मी हो म्हटलं. तुम्ही उरलेला रस तसाच ठेवून उठलात. ‘‘मंग मागच्या वर्साचंच घेऊ.’’

ते दुसरं दुकान एका बोळात होतं, एका शटरचं. तिथला माणूस तिशीचा असेल, चष्म्याला दोरी बांधलेला. तो हसला नाही. कार्ड पाहून म्हणाला, ‘‘याचा बोर्ड मिळेल, पण शोधावा लागेल. मुंबईला विचारतो. पोरासाठी करताय का काका?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘हो.’’ ‘‘मग त्यालाच घेऊन यायचं ना. त्याला काय काय खेळायचंय, त्यावर ठरतं सगळं.’’ मी जमिनीकडे बघत होते. पंख्याखाली कागद फडफडत होते. तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, ‘‘त्याला यायला नाय जमायचं. मळ्यात हाय तो. फुलांचा सीझन हाय.’’

मला वाटलं, वेळ मारून नेली. बाहेर पडल्यावर काहीतरी बोलाल. तुम्ही गाडीला किक मारलीत. पुढच्या शनिवारी बोर्ड आला नव्हता. त्या माणसाने चहा मागवला आणि विचारलं, ‘‘काय म्हणतं आमचं गिऱ्हाईक?’’ आणि तुम्ही सांगू लागलात. पोरगा सारखा विचारतोय, बोर्ड कधी येणार म्हणून. कॉलेजला परीक्षा आहे म्हणून. बंदुकीचेच खेळ खेळतो, दुसरं काही नाही. आईचं ऐकत नाही, माझं तर अजिबात नाही. हे सांगताना तुम्ही हसलात. आप्पा, त्या नवरात्रानंतर मी तुम्हाला हसताना तिथे पहिल्यांदा पाहिलं. घरी ज्याचं नाव निघत नव्हतं, तो त्या बोळातल्या दुकानात जेवत होता, उशिरा उठत होता, तुमच्याशी वाद घालत होता. एकदा त्या माणसाने विचारलं, ‘‘लग्नाचं बघताय का?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘येवढ्यात नाय. शिकू दे अजून.’’ मी उठून बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले. समोर कोणीतरी सायकलचं पंक्चर काढत होतं, ते बघत राहिले. परत आत आले तेव्हा तुम्ही दादाच्या उंचीबद्दल बोलत होतात.

भाग मी निवडत होते. कॅबिनेटसोबत आलेला पॉवर सप्लाय हलका होता, त्या कार्डाला तो पुरला नसता. मी म्हटलं, जास्त ताकदीचा द्या. त्या माणसाने चष्मा वर केला. ‘‘हे कोणी सांगितलं? पोराने?’’ मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘‘हां, त्यानंच.’’ ‘‘हुशार आहे हो. लोकं सगळं भारी घेतात आणि इथेच काटकसर करतात, मग मशीन जळतं.’’ तुम्ही त्याच्याकडे बघत मान डोलावलीत. ‘‘हुशार हाय. लय हुशार.’’ रॅमच्या दोन पट्ट्या एकाच जातीच्या, असं मी म्हटलं तेव्हाही असंच झालं. हार्ड डिस्कच्या वेळीही. मी दुकानात काय बोलायचं ते आठवडाभर वर्गात बसून वहीच्या मागच्या पानावर जुळवून बघायचे. तुम्ही ते दादाच्या तोंडून आल्यासारखं त्या माणसाला सांगायचात.

पावसाळ्याच्या तोंडावर बोर्ड आला. त्याने खोकं उघडून बोर्ड काउंटरवर ठेवला, दादाचं कार्ड काढून खाचेवर धरलं आणि अंगठ्याने दाबलं. टक्क. बरोबर बसलं. ‘‘घ्या काका, झालं तुमचं काम. दोन तास थांबा, जोडून देतो.’’ तुम्ही एकदम म्हणालात, ‘‘नको. घरी जोडीन तो.’’ ‘‘तेही बरोबर. पहिला कॉम्प्युटर स्वतःच जोडावा. पण आणा हो एकदा त्याला. मला बघायचंय.’’ ‘‘आनतो,’’ म्हणालात. येताना मखमलाबाद नाक्याच्या पुढे तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि बंद केलीत. काही झालं नव्हतं. मागून येणारे टेम्पो जात राहिले. मग मागे न बघता तुम्ही म्हणालात, ‘‘आता तिकडं जायचं काई काम ऱ्हायलं नाय.’’ मी म्हटलं, ‘‘अजून माऊस घ्यायचाय, आप्पा.’’ तुम्ही किक मारलीत. माऊस आपण घेतलेला होता, तो माझ्याच मांडीवर होता.

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत चादर अंथरून मी जोडायला बसले. तुम्ही खाटेवर, स्क्रू तळहातावर घेऊन. आई मागे धुणं धुत होती. आपण काय करतोय ते तिला ठाऊक होतं आणि ती पुढे येत नव्हती. प्रोसेसर मी तीनदा उचलून, परत नीट बघून मग बसवला, कारण एक टाचणी वाकली की संपलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच. तुमचा चेहरा उतरला. मी सगळं परत उघडलं. मग आठवलं, त्या कार्डाला स्वतःची वेगळी वायर लागते. नुसतं खाचेत बसून भागत नाही. दादाने सांगितलं होतं ते मला, देठ मोडता मोडता. वायर लावली. पडद्यावर पांढरी अक्षरं आली, कॅबिनेटमध्ये निळे दिवे लागले, आणि तुम्ही खाटेवरून उठून त्या काचेसमोर उकिडवे बसलात. दादाला जे दिसायला हवं होतं ते तुम्ही बघत होतात. मी त्या वेळी तुमच्याकडे बघत होते, म्हणून आई कधी आली ते मला कळलं नाही.

ती ओल्या हातांनी, अनवाणी, शहाबादी फरशीवर उभी होती. तिला बहुतेक निळा उजेड दिसला म्हणून ती आली. वाकून तिने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, आणि विंचू चावल्यासारखी मागे फेकली गेली. फार काही नव्हतं ते. घराला अर्थिंग नसली की कॉम्प्युटरच्या पत्र्याला अशा मुंग्या येतात, त्याने कोणी मरत नाही. पण हे सगळं मला नंतर कळलेलं. तेव्हा मी नुसती किंचाळले. तुम्ही वायर भिंतीतून उपटून काढलीत, प्लगची पिन वाकेपर्यंत. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, हात पोटाशी धरून. ती तुमच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांनी तुमच्या तोंडाकडे बघत होती. आणि ती तिच्या माहेरच्या, कळवणकडच्या बोलीत बोलली, जी आपल्या घरात ती कधी बोलली नव्हती. ‘‘आखो एक जोयजे का तुमले?’’ अजून एक पाहिजे का तुम्हाला. एवढंच.

तुम्ही बाहेर गेलात. मी आईला पाणी दिलं. थोड्या वेळाने मागच्या भिंतीपाशी पहारेचा आवाज सुरू झाला.

तो खड्डा तुम्ही दोन दिवस खणलात. गडी आला तर त्याला परत पाठवलंत. मी फावडं घेऊन आले तर म्हणालात, ‘‘ठेव ते.’’ गुडघाभर माती गेल्यावर मुरूम लागला, मग पहार ठणठण वाजायला लागली, तरी तुम्ही थांबला नाहीत. छातीएवढा झाला, तरी थांबला नाहीत. वायरमन आला, म्हणाला, ‘‘बास की आप्पा, घराला एवढा लागत नाही.’’ तुम्ही आतूनच म्हणालात, ‘‘तू सांगितलं व्हतं तवा खांदला नाय. आता खांदू दे.’’ त्याने पाइप उभा केला, तुम्ही थर टाकलेत, कोळसा, मग मीठ, मग परत कोळसा. जाड्या मिठाची गोणी फोडताना तुमच्या तळहातांवरचे फोड फुटलेले होते. त्या हातांनी तुम्ही मूठमूठ मीठ पसरत होतात. मी ते बघू शकले नाही, आणि तिथून हलूही शकले नाही. शेवटी वर पाणी सोडायचं असतं. आई घागर घेऊन आली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती म्हणाली, ‘‘हे आधी करायला पाहिजे होतं.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘हो.’’ तिने घागर रिकामी केली आणि दुसरी आणायला गेली.

तुमच्या दोघांमध्ये त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. त्यानंतर ती तुमच्याशी साधं बोलायला लागली. भाजीला मीठ आहे का, पाऊस येईल का. जे तुटलं होतं ते जुळलं असं मी म्हणणार नाही. जुळलं नाही. पण ताट वाढताना ती तुमच्याकडे बघायची.

गेमची सीडी दादाच्याच बॅगेत होती. नवी तार आली, वायरमनने टेस्टर लावून दाखवला, आणि त्या संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, ‘‘लाव. त्याला काय आवडायचं ते बघू दे.’’ मी लावला. मला गेममध्ये धड चालताही येत नव्हतं, भिंतींवर आपटत होते. तुम्ही माझ्या शेजारी, पडद्याच्या अगदी जवळ, डोळे बारीक करून बसला होतात. कोणीतरी मागून गोळी घातली आणि मी पडले. पडदा तांबडा झाला. तुम्ही विचारलंत, ‘‘मेला का?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ तेवढ्यात मी पुन्हा सुरुवातीच्या जागी उभी होते, हातात बंदूक घेऊन. ‘‘आन हा कोन?’’ ‘‘मीच, आप्पा. मेलं की परत उठतो.’’ ‘‘सगळेच?’’ ‘‘सगळेच.’’ तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग पडद्याकडे. ‘‘बंद कर,’’ म्हणालात. मी बंद केला. त्या पडद्यासमोर तुम्ही नंतर कधी बसला नाहीत. कॉम्प्युटरवर आईने विणलेलं कापड आलं, आणि मी परीक्षेचा अभ्यास त्यावर करते असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात तो दुकानदार आला होता, तुम्ही मला सांगितलंत. त्याने तोरणासाठी झेंडू घेतला, तुम्ही पैसे घेतले नाहीत. त्याने विचारलं, पोरगा खूश आहे ना? तुम्ही म्हणालात, खूश आहे. ‘‘लय मोठी चूक केली का गं?’’ तुम्ही मला विचारलंत. कशाबद्दल विचारताय, ते मला नीट कळलं नाही. त्याच्याशी खोटं बोलल्याबद्दल, कॉम्प्युटरबद्दल, की त्या तारेबद्दल. मी नाही म्हटलं. कुठल्याही प्रश्नाला मी तेव्हा नाहीच म्हटलं असतं.

पुढे तुम्ही फार वर्षं काढली नाहीत. तापाचं निमित्त झालं, सिव्हिलमध्ये चार रात्री. डॉक्टर म्हणाले, शरीरात झुंजायची ताकदच नव्हती. आई म्हणाली, ताकद होती, हौस नव्हती. तुम्ही गेल्यावर महिन्याभराने मी त्या बोळात गेले होते, त्या माणसाला खरं सांगावं म्हणून. तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. तो कुठे गेला ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे या जगात असा एक माणूस आहे, ज्याच्या लेखी दादा आज मधल्या वयाचा असेल, केस पिकायला लागले असतील. मला आधी ते विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटी एक सांगून टाकते. तुम्ही ‘बंद कर’ म्हणालात तरी मी तो गेम काढून टाकला नव्हता. तुम्ही मळ्यात गेलात आणि आई मागे कामाला लागली की मी कापड बाजूला सारून, आवाज बंद करून खेळायचे. आधी नुसतं तो काय बघायचा ते कळावं म्हणून, पण मग मला आवडायलाच लागलं. दुपारभर खेळायचे, हात दुखेपर्यंत. मरायचे, उठायचे, परत पळायचे. एका सुट्टीत दादाचा मित्र घरी आला होता, तुम्ही बाजारात होतात. त्याने थोडा वेळ मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘तू त्याच्यापेक्षा भारी खेळतेस.’’ मी तोवर इतकी खूश कधी झाले नव्हते, आप्पा.